सॅलॅमँडरचे चयापचय आणि तापमानाला रुळणे: नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात माळ्यावरचे कूलर खाली उतरू लागले की बी.एस्सी.च्या वर्गात शरीर आणि तापमान हा विषय हमखास रंगतो. मुले विचारतात, पालक विचारतात, अंबाझरीला फिरायला येणारे निवृत्त लोकही विचारतात. या विषयावरचे जगातले बरेचसे मूलभूत काम सॅलॅमँडरवर झाले आहे, म्हणून उत्तरे त्याच्याभोवती फिरतात. आपल्या बेडकांकडेही ती वळतात, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात जगायचे म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही.

सॅलॅमँडर म्हणजे पालीचाच एक प्रकार ना?

नाही. बांधा पालीसारखा असला तरी नाते बेडकाशी आहे. अंगावर खवले नसतात, कातडी ओलसर असते आणि अंड्यांना कवच नसते. जगात त्यांच्या आठशेच्या आसपास जाती आहेत. त्यातल्या जवळपास दोन-तृतीयांश जाती प्लेथोडॉन्टिडी या एकाच कुळातल्या आहेत आणि या कुळातल्या प्राण्यांना फुप्फुसेच नसतात. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तिच्यावर बरेच काही अवलंबून आहे.

आपल्याकडे ते सापडतात का?

विदर्भातच काय, अख्ख्या महाराष्ट्रात नाहीत. शेतात किंवा अंगणात दिसलेला ‘सॅलॅमँडर’ बहुतेक वेळा सापसुरळी निघते. भारतात हे प्राणी पूर्व हिमालय आणि ईशान्येकडच्या डोंगरांत आहेत: दार्जिलिंग, सिक्कीम, अरुणाचल, मणिपूर. दार्जिलिंगजवळच्या जोरपोखरीला खास त्यांच्यासाठी राखलेले चिमुकले अभयारण्य आहे. पूर्वी तिथल्या प्राण्याला टायलोटोट्रायटन व्हेरुकोसस म्हणत. २०१५ मध्ये हिमालयातली एक जात वेगळी ठरवून तिला टायलोटोट्रायटन हिमालयानस हे नाव मिळाले. थंडीत तो पाण्याबाहेर येऊन दगड-ओंडक्यांखाली दडतो आणि पावसाच्या सुमारास तळ्यांत परततो.

मध्य भारतात ते का नाहीत, याला केवळ ऊन हे उत्तर पुरत नाही. ॲमेझॉनच्या उष्ण सखल जंगलातही सॅलॅमँडर आहेत. आशियात ते कुठून आले आणि कुठवर पोचू शकले, हा इतिहासही त्यात आहे.

शीतरक्ती म्हणजे रक्त थंड असते का?

रक्त थंड नसते, ते परिसराइतके असते. दगडाखाली १२ अंश सेल्सिअस असेल तर सॅलॅमँडरही १२ अंशांवर असतो. शरीर तापवण्यासाठी तो अन्न जाळत नाही. त्यामुळे त्याच वजनाच्या उंदराच्या तुलनेत विश्रांतीतला त्याचा खर्च दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. खाल्लेल्यातला मोठा वाटा तो स्वतःच्या शरीरात साठवू शकतो. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रूक जंगलात १९७५ मध्ये बर्टन आणि लाइकन्स यांनी मोजमाप केले, तेव्हा तिथल्या सॅलॅमँडरांचे एकूण वजन विणीच्या हंगामातल्या पक्ष्यांच्या एकूण वजनाच्या सुमारे दुप्पट भरले. काटकसरीने जगणारा प्राणी जंगलात किती मोठी जागा व्यापतो, हे त्या आकड्यातून कळते.

तापमान वाढले की चयापचय नेमके किती वाढते?

ढोबळ नियम असा की दर १० अंशांना दुप्पट ते तिप्पट. या गुणोत्तराला क्यू-टेन म्हणतात. त्याचे मूळ रासायनिक अभिक्रियांच्या वेगात आहे. डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी एकोणिसाव्या शतकात तो संबंध मांडला. १५ अंशांवर एखादा प्राणी तासाला २० एकक ऑक्सिजन वापरत असेल आणि क्यू-टेन २ असेल, तर २५ अंशांवर तो ४० एकक वापरील.

परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात. खरी गंमत मात्र इथून पुढे सुरू होते, कारण हे ४० एकक फक्त पहिल्या काही तासांचे आहेत.

मग ‘रुळणे’ म्हणजे काय?

तोच प्राणी २५ अंशांवर तीन आठवडे ठेवा आणि पुन्हा मोजा. समजा आता ४० ऐवजी ३० एकक आले. तापमान तेच, प्राणी तोच, पण खर्च उतरला. शरीराने आतून काही बदल केले आणि तापमानाने लादलेली वाढ अंशतः परतवली. यालाच ॲक्लिमेशन म्हणतात.

प्रयोगशाळेत एकच घटक बदलून घडवलेला बदल तो ॲक्लिमेशन. निसर्गात ऋतूबरोबर तापमान, दिवसाची लांबी, ओलावा आणि अन्न हे सगळे एकत्र बदलते, तेव्हा घडतो तो ऋतुमानाचा सराव. हे दोन्ही एकाच प्राण्याच्या आयुष्यात होतात आणि उलटतातही. पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीतून आलेले अनुकूलन ही वेगळी गोष्ट आहे. उत्तरपत्रिकांत या तिघांची सर्रास सरमिसळ होते. तेवढी टाळली तरी विषय निम्मा सुटतो.

या सगळ्यातून माझा एक आग्रह तयार झाला आहे आणि तो मी प्रत्येक वर्गात मांडते: शीतरक्ती प्राण्याच्या चयापचयाचा आकडा कोणी सांगितला, तर आधी विचारा की हा प्राणी मागचे दोन-तीन आठवडे कुठल्या तापमानात होता? ते ठाऊक नसेल तर तो आकडा अर्धवट आहे.

शरीरात आत काय बदलते?

बरेच काही, आणि निरनिराळ्या वेगाने.

पेशींच्या पटलांपासून सुरुवात करू. पटल मेदाचे असते आणि मेदाचा घट्टपणा तापमानावर ठरतो. डिसेंबरात आपल्याकडे बाटलीतले खोबरेल गोठते, पण जवसाचे तेल वाहतेच राहते, कारण जवसात असंतृप्त मेदाम्ले भरपूर असतात. थंडीला रुळणारा प्राणी नेमके हेच करतो. पटलातल्या संतृप्त मेदाम्लांच्या जागी असंतृप्त मेदाम्ले आणतो आणि पटल पुरेसे प्रवाही ठेवतो. उष्णतेला रुळताना क्रम उलटा होतो. ही कल्पना १९७४ मध्ये सिनेन्स्की यांनी जिवाणूंवर स्पष्ट दाखवली. पुढे मासे आणि उभयचरांतही तिचे पुरावे मिळाले. पटल प्रवाही राहिले तरच त्यात रुतलेले पंप आणि प्रथिने नीट काम करतात. सोडियम-पोटॅशियमचा पंप हा विश्रांतीतल्या खर्चाचा मोठा वाटेकरी आहे, त्यामुळे पटलातला बदल थेट ऑक्सिजनच्या हिशेबात उतरतो.

दुसरा बदल विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा. थंडीत प्रत्येक रेणूचा वेग मंदावतो, म्हणून शरीर रेणूंची संख्या वाढवते. सायटोक्रोम ऑक्सिडेज, सायट्रेट सिंथेज अशी ऊर्जानिर्मितीतली विकरे वाढतात. काही प्राण्यांच्या स्नायूंत तंतुकणिकाही वाढतात. उष्णतेत एवढ्या मनुष्यबळाची गरज उरत नाही, तेव्हा ते कमी केले जाते. क्वचित एकाच विकराचे दोन प्रकार असतात आणि ऋतूप्रमाणे त्यांचे प्रमाण बदलते.

तिसरा भाग संरक्षणाचा. तापमान एकदम चढले की उष्माघात प्रथिने (हीट शॉक प्रोटीन) तयार होतात आणि विस्कटू लागलेल्या इतर प्रथिनांना सावरतात. रितोसा यांना १९६२ मध्ये फळमाशीत याचा पहिला धागा दिसला. ही प्रथिने तासाभरात येऊ लागतात. मेदाम्ले बदलायला मात्र दिवस लागतात. त्यामुळे पहिल्या दिवशी मोजलेला प्राणी आणि विसाव्या दिवशी मोजलेला प्राणी रसायनशास्त्राच्या दृष्टीने बराच निराळा असतो.

रुळायला किती दिवस लागतात?

उष्णतेला लवकर, थंडीला उशिरा. उष्णता सोसण्याची क्षमता दोन-चार दिवसांत चढते, पण गार वातावरणात ती उतरायला आठवडे जातात. कारण साधे आहे: गार शरीरात नवी प्रथिने आणि मेद बनवण्याचा वेगही कमी असतो. म्हणून प्रयोगात दोन ते तीन आठवडे देण्याची पद्धत आहे. दिवसाची लांबीही धरून ठेवावी लागते, कारण उजेडाच्या तासांचाही परिणाम होतो. नागपुरात दिवस वर्षभरात सुमारे अकरा तासांपासून साडेतेरा तासांपर्यंत लांबतो. दोन गटांना वेगवेगळ्या महिन्यांत खिडकीशेजारी ठेवले, तर तुलनेत हाही घटक नकळत शिरतो.

चयापचय मोजतात कसे?

ऑक्सिजनवरून. प्राण्याला बंद पेटीत शांत बसू द्यायचे आणि आतला ऑक्सिजन किती घटला ते पाहायचे. जुन्या पद्धतीत सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड शोषून घेई आणि नळीतल्या द्रवाची पातळी सरके. आता संवेदक असतात. वापरलेल्या एक मिलिलिटर ऑक्सिजनमागे सुमारे २० जूल ऊर्जा धरली जाते.

अट अशी की प्राण्याचे पोट रिकामे असावे, तो हालत नसावा आणि घाबरलेला नसावा. जेवल्यावर पचनाचा खर्च कित्येक पट चढू शकतो, आणि गार तापमानात पचनच कित्येक दिवस चालते. म्हणून १० अंशांवरच्या प्राण्याला २५ अंशांवरच्या प्राण्यापेक्षा जास्त दिवस उपाशी ठेवावे लागते. विद्यार्थी दोघांना सारखाच उपवास घडवतात आणि गार गटाचा आकडा फुगून येतो. वजनाचीही काळजी घ्यावी. मोठा प्राणी एकूण जास्त ऑक्सिजन घेतो, पण ग्रॅममागे कमी. त्यामुळे लहान-मोठे प्राणी एकाच रांगेत बसवायचे तर नुसता भागाकार चालत नाही.

सगळ्याच जाती सारख्या रुळतात का?

नाही. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ हर्बर्ट प्रेख्ट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर याचे पाच प्रकार पाडले, ते आजही वापरात आहेत. वरचेच उदाहरण घेऊ. १५ अंशांवर २० एकक आणि २५ अंशांवर जाताच ४० एकक. काही आठवड्यांनी आकडा परत २० वर आला तर पूर्ण भरपाई. २० च्याही खाली गेला तर गरजेपेक्षा जास्त भरपाई. २० आणि ४० च्या मध्ये थांबला तर अंशतः, ४० वरच राहिला तर शून्य. आणि ४० च्याही वर चढला तर उलटी भरपाई. सॅलॅमँडरांत अंशतः भरपाई पुष्कळदा दिसते, शून्यही दिसते. एकाच जातीत एका तापमान-पट्ट्यात भरपाई आणि दुसऱ्या पट्ट्यात काहीच नाही, असेही होते. त्यामुळे ‘ही जात रुळते’ हे वाक्य तापमान सांगितल्याशिवाय अपुरे आहे.

मार्टिन फेडर यांनी १९७८ मध्ये समशीतोष्ण प्रदेशातले आणि मध्य-दक्षिण अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातले सॅलॅमँडर शेजारी ठेवून पाहिले. उष्ण कटिबंधातल्यांची चयापचय जुळवून घेण्याची क्षमता एकंदर तोकडी निघाली. हे पटण्यासारखे आहे. जिथे वर्षभर तापमान फारसे हलत नाही तिथे ही यंत्रणा बाळगण्याचे कारणच नसते. डॅनियल जॅन्झेन यांनी १९६७ मध्ये हाच धागा डोंगरांबाबत मांडला होता: उष्ण कटिबंधातल्या प्राण्याला खिंड ओलांडताना लागणारी थंडी त्याच्या वर्षभराच्या अनुभवात नसतेच, म्हणून तीच खिंड त्याच्यासाठी जास्त उंच ठरते.

थंडीत चयापचय वाढवणे चांगले की कमी करणे?

प्राण्याला थंडीत काय करायचे आहे, यावर ते आहे. हिवाळ्यातही वाहत्या झऱ्यात भक्ष्य शोधायचे असेल तर यंत्रणा तापमानाच्या मानाने वर ठेवणे फायद्याचे. दगडाखाली निपचित पडून साठवलेल्या मेदावर वसंतापर्यंत पोचायचे असेल, तर खर्च आणखी खाली नेणे शहाणपणाचे. वरची ‘उलटी भरपाई’ काही वेळा याच दुसऱ्या डावपेचाचा भाग असते. ती बिघाड आहे असे समजू नये.

टोकाची उदाहरणे दोन सांगण्यासारखी आहेत. सायबेरियाचा सालामँड्रेला कीझरलिंगी हा सॅलॅमँडर गोठलेल्या अवस्थेत उणे ३५ अंशांच्या आसपासची थंडी सोसतो, आणि त्यासाठी शरीरात ग्लिसरॉल साठवतो. दुसरा युरोपच्या गुहांतला आंधळा प्रोटियस, म्हणजेच ओल्म. त्याच्या गुहांचे पाणी वर्षभर जवळजवळ एकसारखे गार असते. तो वर्षानुवर्षे अन्नाविना राहू शकतो, आणि बोस्नियातल्या एका पाण्याखालच्या गुहेत एक ओल्म सात वर्षांहून जास्त काळ एकाच जागी आढळल्याची नोंद आहे. अत्यंत मंद चयापचयाने आयुष्य किती ताणले जाते, याचा हा दाखला मला फार विलक्षण वाटतो.

फुप्फुसे नसलेले सॅलॅमँडर गरमीत ऑक्सिजन कसा पुरवतात?

हा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

ते कातडीतून आणि तोंडाच्या अस्तरातून श्वास घेतात. कातडीतून येणारा ऑक्सिजन विसरणाने, म्हणजे जास्त असलेल्या बाजूकडून कमी असलेल्या बाजूकडे आपोआप झिरपत येतो. तापमान वाढले म्हणून विसरण फारसे वाढत नाही, मागणी मात्र दर १० अंशांना दुप्पट होते. फुप्फुस असलेल्याला सोय आहे. व्हिटफर्ड आणि हचिसन यांनी १९६० च्या दशकात ठिपकेदार सॅलॅमँडरवर दाखवले की गार असताना ऑक्सिजनचा मोठा वाटा कातडीतून येतो, आणि तापमान चढत गेले की फुप्फुसांचा वाटा पुढे जातो. फुप्फुसच नसेल तर हा दुसरा मार्ग बंद. म्हणजे चयापचय खाली ओढण्याची क्षमता या प्राण्यांसाठी चैन नव्हे. मागणी आणि पुरवठ्याचा मेळ राखण्याचा तो त्यांच्या हातातला मुख्य उपाय आहे.

त्यात पाण्याचा पेच आहे. ऑक्सिजन आत येण्यासाठी कातडी ओली, पातळ आणि रक्ताने भरलेली हवी. त्याच कातडीतून पाणी बाहेर जाते. पाणी वाचवण्यासाठी कातडीकडचा रक्तपुरवठा आवळला तर ऑक्सिजनही घटतो. एरिक रिडेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या दक्षिण ॲपलाचियन डोंगरातल्या प्लेथोडॉन मेटकाल्फी या जातीवर हे तपासले. उबेला रुळताना हे प्राणी पाणी गमावण्याचा वेग कमी करतात. २०१९ मधल्या कामातून दिसले की इशारा हवेच्या कोरडेपणापेक्षा तापमानाकडून येतो आणि कातडीतल्या रक्तवाहिन्यांशी संबंधित जनुके त्यात हलतात. त्याआधी, २०१८ मध्ये, त्यांनी ही लवचीकता धरून भविष्याचे गणित मांडले, तेव्हा नामशेष होण्याचा धोका लवचीकता न धरता काढलेल्या अंदाजापेक्षा बराच कमी निघाला.

चयापचय, पाणी आणि श्वास हे तीन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात. या बोटभर प्राण्याच्या कातडीवर तिन्हींचा हिशेब एकदमच होतो.

चांगला रुळला तर सॅलॅमँडर नागपूरचा मे सोसेल का?

नाही. व्हिक्टर हचिसन यांनी १९६१ मध्ये अनेक सॅलॅमँडर जातींची कमाल सहनमर्यादा मोजली. ही मर्यादा म्हणजे ज्या तापमानाला प्राणी उलटा केल्यावर सरळ होऊ शकत नाही किंवा आचके देऊ लागतो, ते तापमान. फुप्फुसहीन जातींत ती साधारण तिशीच्या पट्ट्यात येते. रुळण्याचे तापमान १० अंशांनी वाढवले तरी ही मर्यादा बहुधा एक-दोन अंशांनीच सरकते. चयापचय जितके लवचीक आहे, तितके हे छत लवचीक नाही. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद आहे. नवतपात पहाटेचा पाराही तिशीच्या आसपास रेंगाळतो, म्हणजे रात्रीसुद्धा सावरायला उसंत नाही.

सरासरी तापमान घेऊन हिशेब केला तर चालेल का?

थोडा चुकेल, आणि नेहमी एकाच बाजूला चुकेल. तापमान-चयापचयाची रेघ सरळ नाही, ती वर वळत जाते. डिसेंबरात नागपुरात रात्री १२ आणि दुपारी २८ अंश असतील तर सरासरी २०. क्यू-टेन २ धरून २० अंशांवरचा खर्च १०० मानला, तर १२ अंशांवर सुमारे ५७ आणि २८ अंशांवर सुमारे १७४ होतो. निम्मा वेळ इथे, निम्मा तिथे असे धरले तर सरासरी ११६. म्हणजे स्थिर २० अंशांवरच्या प्राण्यापेक्षा सोळा टक्के जास्त. प्रयोगशाळेत स्थिर तापमानाला रुळवलेला प्राणी आणि उघड्यावरचा प्राणी यांच्यात फरक पडण्याचे हे एक कारण आहे. चढउतारात जगणारे प्राणी सरासरीला रुळतात की दुपारच्या कमाल तापमानाला, यावर जातीनुसार वेगवेगळी उत्तरे मिळाली आहेत.

मग नागपूरचे बेडूक उन्हाळा कसा काढतात?

ते उन्हाळ्यातून निघूनच जातात. एप्रिल-मेमध्ये काळी माती भेगाळते आणि त्या भेगा, बांधांखालची बिळे, विहिरींच्या कपारी त्यांना आसरा देतात. मागच्या पायाला फावड्यासारखा उंचवटा असलेले बेडूक स्वतःच खड्डा करत खाली जातात. हात-दीड हात खोलीवर दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ पुसला जातो. गारवा तिथेही नसतो, पण दुपारचा चटका पोचत नाही आणि ओल टिकते.

अडचण अशी की माती ३० अंशांवर असेल तर २० अंशांच्या मानाने साठवलेला मेद दुप्पट वेगाने संपेल. इथे ॲक्लिमेशनखेरीज आणखी एक यंत्रणा येते, ती म्हणजे ग्रीष्मनिद्रा. अभ्यासलेल्या अनेक बेडकांत या काळात विश्रांतीतले चयापचयही निम्म्याहून खाली उतरते. हे शरीराने मुद्दाम घडवलेले मंदीकरण आहे. तापमान न बदलताही ते होते, म्हणून त्याला रुळणे म्हणू नये. हा फरक पुस्तकांत एका ओळीत उरकला जातो, पण विदर्भात तोच मुख्य आहे.

मृगाचा पाऊस पडला की सगळे उलटते. सोन्यासारखे पिवळे झालेले मोठे बेडूक, गळ्याशी निळ्या पिशव्या फुगवून डबक्यांत रात्रभर ओरडतात. महिनोन्‌महिने थोपवलेली ऊर्जा ते काही रात्रींत उधळतात. गोरेवाड्याकडे किंवा शहराबाहेरच्या कुठल्याही धानाच्या बांधीत हे दृश्य जरूर पाहा, टॉर्चचा उजेड मात्र त्यांच्या डोळ्यांवर धरू नका.

नागपुरात ॲक्सोलॉटल पाळता येईल का?

माझे प्रामाणिक मत: पाळू नका. मेक्सिकोच्या सोचिमिल्को परिसरातला हा सॅलॅमँडर निसर्गात अत्यंत संकटग्रस्त आहे. त्याला १६ ते १८ अंशांचे पाणी मानवते आणि २४ च्या पुढे तो त्रासात जातो. आपल्याकडे मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी हाताला चटका देते. मासेवाल्यांकडचे ‘हळूहळू सवय होते’ हे आश्वासन शरीरक्रियेत बसत नाही. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो आणि ३० अंशांवर ७.५. म्हणजे मागणी दुप्पट होते नेमक्या त्याच वेळी पुरवठा घटतो.

काही जण टाकीवर पंखा लावतात. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत त्याने पाणी काही अंश उतरते, तरी १८ वर येत नाही. जुलैत हवा दमट झाली की तेवढाही उपयोग राहत नाही. बर्फाच्या बाटल्या टाकल्या तर तापमान तासातासाला खाली-वर होते आणि प्राणी कशालाच रुळत नाही. उरतो तो चिलर, आणि तोही वीज गेली की बंद. शिवाय हा प्राणी साइट्सच्या, म्हणजे वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या सुधारणेनंतर अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक आहे.

उष्णतेचा सॅलॅमँडरांना काही फायदा होतो का?

एका बाबतीत होतो. २०१३ मध्ये ओळखली गेलेली बॅट्राकोकायट्रियम सालामँड्रिव्होरन्स ही बुरशी युरोपातल्या सॅलॅमँडरांचा संहार करते. ती १० ते १५ अंशांत जोमाने वाढते. संसर्ग झालेल्या फायर सॅलॅमँडरांना दहा दिवस २५ अंशांवर ठेवले तर ती मरते. पण तेवढी ऊब सोसणाऱ्या जातींपुरताच हा उपाय आहे.

हवामान बदलात रुळण्याची क्षमता त्यांना वाचवील का?

काही काळ, काही जातींना. डोंगरमाथ्यावर राहणाऱ्या जातीला आणखी वर सरकायला जागा नसते, तिच्या हाती आहे तेवढी लवचीकताच. ती वेळ मिळवून देते, पण फुकट नाही. पाणी वाचवायला रक्तपुरवठा आवळला की श्वास घटतो, आणि उबेत भूक वाढली की तेवढे किडे मिळायला हवेत. न मिळाले तर वाढ आणि अंडी यांवर गदा येते. ॲपलाचियनमधले काही सॅलॅमँडर गेल्या काही दशकांत आकाराने लहान झाले, असे २०१४ च्या एका अभ्यासात म्हटले होते. त्यावर नंतर आक्षेप आले, म्हणून तो निष्कर्ष पक्का धरून मी शिकवत नाही.

आपल्या हिमालयी न्यूटबद्दल, म्हणजे दार्जिलिंगकडच्या त्या टायलोटोट्रायटनबद्दल, मला जास्त काळजी वाटते. त्याची तळी लहान आहेत, विखुरलेली आहेत, आणि पुष्कळशी चहाच्या बागा व गावांच्या मध्ये अडकलेली आहेत. पाणी तापण्याआधी ती बुजतील, ही भीती खरी आहे.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी प्राणी न पकडता काही करता येईल का?

येईल, आणि तेच करावे. जंगली बेडूक पकडून मोजायचे तर परवानग्या आणि महाविद्यालयाच्या प्राणी नीतिसमितीची मान्यता लागते.

सेमिनरी हिल्सच्या उतारावर किंवा वसतिगृहाच्या आवारात दिव्याखाली किडे टिपायला बसणारे भेक (टोड) पाहा. हात न लावता, चार-पाच फुटांवरून, गळ्याची हालचाल मिनिटाला किती वेळा होते ते मोबाइलवर चित्रित करून मोजा. शेजारच्या जमिनीचे तापमान आणि हवेतली आर्द्रता लिहा. गळ्याची हालचाल म्हणजे चयापचय नव्हे, हे अहवालात स्पष्ट नमूद करा. तापमानाबरोबर ती कशी बदलते, एवढेच तुम्ही तपासता आहात. किडा नुकताच गिळलेला किंवा तुमच्या चाहुलीने सावध झालेला भेक मोजणीतून वगळा.

जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत हेच पुन्हा करा. जुलैतल्या गार, पावसाळी रात्री आणि ऑक्टोबरातल्या त्याच तापमानाच्या रात्री मिळाल्या, तर तुलना खरी रंगते: पारा सारखा, मागचे दिवस वेगळे. जानेवारीत भेक कमी दिसतील, तीही नोंदच आहे. मोजणीच्या दिवशीचे तापमान सगळेच लिहितात. तुम्ही आधीच्या एकवीस दिवसांचे रोजचे कमाल-किमान तापमान हवामान खात्याच्या नोंदीतून घ्या आणि त्याच तक्त्यात, शेजारच्या रकान्यात लिहा.